अडवलेला पगार आणि कायद्याची वाट

यंदाच्या फेब्रुवारीत कामानिमित्त लातूरला गेलो असता एका जुन्या स्नेह्यांकडे मुक्काम करण्याचा योग आला. गंजगोलाईच्या परिसरात त्यांची वडिलोपार्जित आडत आहे आणि गेल्या वीस वर्षांत स्वकष्टाने उभी केलेली दाळ मिल आहे. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपून आम्ही ओसरीत बसलो, तेव्हा शेठजींचा चेहरा उतरलेला दिसला. कारण विचारले. त्यांची कन्या पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीस होती. तिने राजीनामा दिला, दुसरीकडे रुजूही झाली. परंतु पहिल्या कंपनीने तिचा शेवटचा दीड महिन्याचा पगार अडवून धरला. नव्वद दिवसांच्या नोटिशीऐवजी तिने साठच दिवस दिले, म्हणून संपूर्ण हिशेब ‘होल्ड’वर ठेवला आहे, एवढेच उत्तर तिला मिळत होते. “पोरीने रात्री जागून काम केले. तिचा घामाचा पैसा हे लोक कसे काय ठेवून घेतात? तुम्ही कायद्यातले आहात, काहीतरी करा,” असे ते कळवळून म्हणाले.

त्यानंतर पाऊण तासाने, दुसऱ्याच विषयाच्या ओघात, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मिलमधील दिवाणजी अकरा वर्षांच्या नोकरीनंतर डिसेंबरअखेर काम सोडून गेले होते. जाताना मालाची मोजदाद केली, तर चौदा कट्टे तूरदाळ कमी भरली. “मग मी त्यांचे दोन महिन्यांचे पगाराचे पैसे ठेवून घेतले. आधी दाळीचा हिशेब द्या म्हटलं, मग पगार न्या.” हे सांगताना त्यांच्या स्वरात कळवळा नव्हता, व्यवहारात चोख असल्याचे समाधान होते.

या दोन गोष्टींत काही नाते आहे, असे त्यांच्या मनातही आले नव्हते. माझ्या मनात मात्र त्या रात्रभर त्या शेजारी शेजारी बसून राहिल्या. आपल्या समाजातील पुष्कळ घरांची आज हीच स्थिती आहे. वडील मालक आहेत, आणि मुले-मुली पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे पगारदार आहेत. नांदेडच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या गंजात बसून आपण ज्या कायद्याला ‘कामगारांचा कायदा’ म्हणून दूर ठेवतो, तोच आता आपल्या लेकीच्या हाती असलेला एकमेव आधार आहे. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

सन १९३६ चा वेतन प्रदान कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा ही नावे जुन्या पेढ्यांना परिचित आहेत. हे दोन्ही कायदे, बोनस व समान वेतनाच्या कायद्यांसह, आता ‘वेतन संहिता, २०१९’ मध्ये विलीन झाले आहेत. संसदेने ती २०१९ साली संमत केली, परंतु तिचा प्रत्यक्ष अंमल २१ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाला. जुन्या कायद्याखाली दाखल झालेले दावे जुन्या वाटेनेच पुढे जातात. त्यानंतर अडलेल्या पगाराला मात्र नवी संहिता लागू होते.

नव्या संहितेत एक बदल फार महत्त्वाचा आहे. जुना वेतन प्रदान कायदा महिना चोवीस हजारांपर्यंतच्या पगारदारालाच लागू होता. त्यामुळे संगणक अभियंता, शाखा व्यवस्थापक, हिशेब तपासनीस अशी मंडळी त्याच्या कक्षेबाहेर राहत आणि त्यांना दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता धरावा लागे. नव्या संहितेत पगाराची ही मर्यादा उरलेली नाही. पर्यवेक्षक, व्यवस्थापक आणि प्रशासकीय पदांवरील माणसेही ‘कर्मचारी’ या व्याख्येत आली आहेत. म्हणजे शेठजींची पुण्यातील कन्या आणि त्यांचे मिलमधील दिवाणजी, दोघेही एकाच कलमांच्या छायेत उभे आहेत.

मुदतीविषयी संहिता अतिशय स्पष्ट आहे. रोजंदारीवाल्याचा पैसा पाळी संपताना द्यावयाचा. आठवड्याचा पगार आठवडी सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. पंधरवड्याचा, पंधरवडा संपल्यावर दोन दिवसांच्या आत. महिन्याचा, पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत. आणि नोकरी सुटली, मग ती राजीनाम्याने सुटो, काढून टाकल्याने सुटो किंवा धंदा बंद पडल्याने सुटो, दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. पुष्कळ कंपन्यांत पंचेचाळीस दिवसांचा जो ‘फुल अँड फायनल’ नावाचा रिवाज आहे, त्याला या संहितेत जागा नाही.

मी शेठजींना हे सांगितले तेव्हा ते आनंदले. “म्हणजे पोरीचे पैसे दोन दिवसांत द्यायला हवे होते!” होय, आणि दिवाणजींचेही. तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, “पण तिने दाळ नेली नाही ना.”

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. व्यापाऱ्याचा माल खरोखरच कमी भरतो, गल्ल्यात तूट खरोखरच येते, आणि नोकर दर वेळी निर्दोष असतो असेही नाही. कायद्यालाही हे ठाऊक आहे. म्हणूनच पगारातून कोणत्या कारणांसाठी कपात करता येते याची यादीच संहितेत दिलेली आहे. गैरहजेरीचे पैसे कापता येतात. दिलेली उचल वळती करता येते. भविष्य निर्वाह निधी, आयकर, राहण्याच्या जागेचे भाडे कापता येते. माल किंवा रोकड नोकराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवली असेल आणि त्याच्याच हयगयीमुळे ती गेली असेल, तर तेही नुकसान कापता येते. परंतु तत्पूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, कपात नुकसानीपेक्षा अधिक होता कामा नये, तिची नोंद ठेवावी लागते, आणि सगळ्या कपाती मिळून त्या मुदतीच्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. संशयाने, रागाने किंवा ‘सध्या पैसे मोकळे नाहीत’ म्हणून पगार थांबवण्याची तरतूद त्या यादीत मी पुष्कळदा शोधली, ती नाही.

मी शेठजींना तीन प्रश्न विचारले. गोदामाच्या किल्ल्या किती जणांकडे होत्या? तीन. माल दिवाणजींच्या ताब्यात दिल्याचा कागद आहे काय? नाही. तूट निघाल्यावर त्यांना लेखी विचारणा केली काय? “एवढं लिहायचं कशाला? समोरासमोर बोललो की.” या उत्तरांवर कोणतेही प्राधिकरण कपात मान्य करणार नाही; आणि पूर्ण दोन महिन्यांचा पगार तर कोणत्याही परिस्थितीत अडवता आला नसता.

पुण्याच्या प्रकरणातही हाच न्याय लागू पडतो, हे मी कन्येला दूरध्वनीवर सांगितले. नोटिशीच्या तीस दिवसांबद्दल कंपनीचा करारानुसार काही दावा असेल, तर तो तिने आकड्यांत आणि लेखी मांडावा. त्यावर वाद होऊ शकतो. परंतु त्या वादाच्या नावाखाली केलेल्या कामाचा सारा पगार गोठवून ठेवणे ही निराळी गोष्ट आहे.

दाद मागण्याची रीत

पगार अडल्यावर प्रथम काय करावे? भांडू नये, आणि नुसते फोनही करू नयेत. किती दिवसांचा, किती रकमेचा पगार बाकी आहे हे लिहून मालकाकडे लेखी मागणी करावी. ती स्पीड पोस्टाने पाठवावी. ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवली तरी ती उपयोगी पडते, कारण पुढे तारीख सिद्ध करावी लागते. नेमणुकीचे पत्र असल्यास उत्तम. नसल्यास बँकेच्या पासबुकातील जुन्या नोंदी, भविष्य निर्वाह निधीचे खाते, हजेरीचे कागद, मालाच्या पावत्यांवरील सह्या, ‘उद्या लवकर या’ असा मालकाचा निरोप, एवढ्यावरूनही नोकरीचे नाते सिद्ध होऊ शकते. मोंढ्यातील एखाद्या हमालाकडे यांपैकी काहीच नसते. परंतु शेजारच्या दुकानातील चार माणसे त्याला रोज पाहत असतात, आणि त्यांची साक्ष हाही पुरावाच आहे.

त्यानंतरचे दार कामगार आयुक्तांच्या कार्यालयाचे. नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी कामगार विभागाचे कार्यालय आहे. तेथे साध्या कागदावरही तक्रार देता येते. अनेकदा निरीक्षकाची एक भेट किंवा कार्यालयाचे एक पत्र एवढ्यानेच पैसे मिळतात; कारण मालकाची इच्छा नसते असे नव्हे, तर कुणी विचारणारे नाही या समजुतीवर तो बसलेला असतो.

तेवढ्याने न भागल्यास संहितेखाली नेमलेल्या प्राधिकाऱ्यासमोर दावा दाखल करावयाचा. हा अधिकारी राजपत्रित दर्जाचा असतो. जुन्या कायद्यांत यासाठी सहा महिने किंवा एक वर्ष एवढीच मुदत असे आणि पुष्कळ गरीब माणसे ती उलटून गेल्यावर जागी होत. आता ती तीन वर्षांची झाली आहे. दावा कर्मचाऱ्याने स्वतः करावा, त्याच्या नोंदणीकृत संघटनेने करावा, किंवा निरीक्षकानेही करावा. तिन्ही मार्ग मोकळे आहेत. एकाच मालकाकडे वीस जणांचे पैसे अडले असतील तर वीस दावे नकोत, एक अर्ज पुरतो. गावात राहून मालकाविरुद्ध एकट्याचे नाव पुढे करण्यास जो धजत नाही, त्याला ही तरतूद किती मोलाची आहे हे खेड्यात राहणाऱ्यास सांगावे लागू नये.

प्राधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असे संहिता म्हणते. वास्तवात काही वेळा त्याहून अधिक काळ जातो. परंतु निकाल लागताना अडलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्यास आहे. दिवाणजींचा पगार महिना अठरा हजार रुपये होता. दोन महिन्यांचे छत्तीस हजार. त्यावर भरपाई जास्तीत जास्त तीन लाख साठ हजारांपर्यंत जाऊ शकते. प्रत्येक प्रकरणात दहापट मिळत नाही, मालकाचे कारण प्रामाणिक होते की नाही हे पाहिले जाते. तरी टांगती तलवार ती तलवारच. आदेशाविरुद्ध नव्वद दिवसांत अपील करता येते. पैसे भरलेच नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. तहसीलची जप्ती म्हणजे काय, हे आपल्याकडे ज्यांची शेती आहे त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. याखेरीज ठरल्यापेक्षा कमी पैसे देणे हा संहितेखाली स्वतंत्र गुन्हाही आहे. त्याला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पाच वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता व्यापारी वाचकांनी विशेष ध्यान द्यावे अशी एक बाब. पगार मिळाला नाही, असे कर्मचाऱ्याने म्हटले की तो दिला आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. आपल्या रोजमेळात ‘दिवाणजी खाते नावे’ असे लिहिले म्हणजे पोहोच झाली, असे होत नाही. ती आपली नोंद आहे, त्यांची सही नव्हे. कोऱ्या व्हाउचरवर आधीच घेऊन ठेवलेल्या सह्यांचा तर उलटा परिणाम होतो. ‘माझे काहीही येणे राहिले नाही’ असे लिहून घेतले तरी, कायद्याने मिळणाऱ्या पैशाचा हक्क सोडून देणारा करार संहिता निरर्थक मानते. पगाराची चिठ्ठी देणे आणि नोंदवही ठेवणे लहान दुकानालाही बंधनकारक आहे. पगार बँकेतून द्यावा. पुढे वाद झाला तर बँकेची नोंद आपल्याच कामी येते.

ज्याला वकील करणे परवडत नाही त्याने जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेली माणसे यांना तेथे विनामूल्य वकील मिळतो. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही चौकशी करता येते. लोकअदालतीत तडजोड झाल्यास तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. माझा अनुभव असा, की तडजोड करावयाचीच असेल तर ती तेथे करावी. दुकानाच्या गादीवर बसून झालेली तडजोड दोन्ही पक्षांना वेगवेगळी आठवते.

हमालीचा पैसा कोणाचा?

दिवाणजी लिहिते-वाचते होते. मोंढ्यातील पोते उचलणाऱ्याचे काय? येथे मराठी माणसाने अभिमान बाळगावा असा एक कायदा आपल्या राज्यात आहे. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत डोक्यावर-पाठीवर ओझे वाहणाऱ्यांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केले, आणि त्या चळवळीच्या रेट्यातून १९६९ साली महाराष्ट्राचा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. पुढे पुण्याच्या हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव यांनी राज्यभरातील हमाल-मापाड्यांना एकत्र आणले.

हमालाचा मालक एक नसतो, ही मूळ अडचण होती. सकाळी या आडतीवर, दुपारी त्या दुकानात, संध्याकाळी ट्रकवर. मग त्याचा पगार अडला तर दाद कोणाविरुद्ध मागायची? माथाडी कायद्याने यावर अभिनव तोड काढली. मालक, कामगार आणि शासन यांच्या प्रतिनिधींचे एक मंडळ असते. दुकानाने मंडळाकडे नोंदणी करावी, टोळीनेही करावी. व्यापाऱ्याने हमाली आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावयाची. मंडळ हमालाला त्याची मजुरी देते आणि लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे, बोनस, ग्रॅच्युइटी यांची तरतूद करते. व्यापाऱ्याने रक्कम थकवली तर ती वसूल करण्याचे काम हमालाचे राहत नाही, मंडळाचे होते. पगार अडवता येण्याची जागाच या रचनेने बरीचशी काढून टाकली आहे.

तथापि हे मंडळ ज्यांनी नोंदणी केली त्यांच्यासाठी आहे. लेव्ही वाचावी म्हणून नोंदणी टाळणारी दुकाने आपल्या बाजारपेठांत नाहीत, असे मी म्हणणार नाही. माझ्या पाहण्यात आहेत. तेथे आठवड्याच्या हिशेबाची जुनी पद्धत चालते. टोळीचा मुकादम शनिवारी वही घेऊन येतो, शेठ ‘सोमवारी या’ म्हणतात, सोमवारी अर्धे मिळतात. दिवाळीच्या तोंडावर हा आकडा फुगतो.

या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी टोचते. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत हमाली म्हणून जी रक्कम वजा झालेली असते, ती आडत्याची कमाई नव्हे. ती शेतकऱ्याने हमालासाठी ठेवलेली रक्कम आहे, आणि आडत्या केवळ मधला हात आहे. सोयाबीनच्या हंगामात अशी रक्कम दोन-दोन महिने पेढीच्या खेळत्या भांडवलात फिरवली जाते. ज्या पेढीवर गिऱ्हाइकाची ठेव पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाने राहिली, तिथे हे व्हावे, याचे आश्चर्य वाटते. मी पंडित नाही. परंतु तत्त्वार्थसूत्रात पहिल्या अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत आश्रितावर शक्तीबाहेर भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे हे दोन आहेत, एवढे आपण सर्वांनी पाठशाळेत ऐकलेले आहे. शंभर किलोच्या पोत्याचा हमाल आणि त्याची अडलेली हमाली डोळ्यांसमोर आणली की त्या दोन शब्दांचा अर्थ मोंढ्यातच उभा दिसतो.

मिलमध्ये मुकादमामार्फत आणलेल्या मजुरांचा प्रश्न याहून थोडा निराळा आहे. “आम्ही मुकादमाला एकरकमी दिले, पुढे त्याने वाटले की नाही ते त्याचे तो जाणे,” हे उत्तर आपण सहज देतो. कायदा ते स्वीकारत नाही. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर ज्या आस्थापनेत काम झाले तिच्या मालकाला तो द्यावा लागतो. मग मालकाने कंत्राटदाराकडून वसूल करावा. मुकादम पैसे घेऊन नाहीसा झाला म्हणून एकाच पंधरवड्याची मजुरी दोनदा भरावी लागलेले मिलमालक मला माहीत आहेत. वाटप आपल्या माणसासमोर आणि शक्यतो थेट मजुरांच्या खात्यावर करावे, हा त्यावरचा साधा उपाय.

कंधार, लोहा, मुखेड या बालाघाटाच्या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची कथा तर पगार अडण्याचीही नाही. तेथे पैसा आधी मिळतो आणि माणूस नंतर अडतो. उचल फिटेपर्यंत कोयता सोडता येत नाही. यासंबंधी दोन गोष्टी माहीत असाव्यात. वेठबिगारी पद्धत निर्मूलनाचा १९७६ चा कायदा अशा बंधनाखालील कर्जाची फेड करण्याची जबाबदारीच संपुष्टात आणतो. त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाची असते. आणि १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले आहे की किमान वेतनाहून कमी पैशावर काम करून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ ने मनाई केलेली सक्तीची मजुरीच होय. माणूस ‘राजी’ होता, हे तेथे उत्तर होत नाही. उपाशी माणसाचा राजीपणा न्यायालयाने खरा मानला नाही.

कारखानाच बुडाला तर? नांदेडची उस्मानशाही मिल ज्यांनी चालू आणि पुढे बंद पडलेली पाहिली, किंवा मराठवाड्यातील बंद साखर कारखान्यांच्या फाटकासमोर कामगार बसलेले पाहिले, त्यांना हा प्रश्न नवा नाही. धंदा कंपनीच्या रूपात असेल आणि ती दिवाळखोरी संहितेखाली विसर्जनात निघाली, तर कामगारांची मागील चोवीस महिन्यांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जातात. पुरवठादार व्यापाऱ्यांचा क्रमांक त्यानंतर बराच खाली असतो. मात्र त्यासाठी कामगाराने मुदतीत आपला दावा नोंदवावा लागतो, आणि पुष्कळांना ते कळेपर्यंत मुदत गेलेली असते.

आता पुन्हा लातूरच्या ओसरीकडे येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी मी शेठजींसमोर एक आकडेमोड ठेवली. त्यांच्या मिलमध्ये दहाहून अधिक माणसे आहेत, दिवाणजींची नोकरी अकरा वर्षांची. म्हणजे पगाराशिवाय ग्रॅच्युइटीही देय झाली. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. अठरा हजारांना सव्वीसने भागावे, पंधराने गुणावे, अकराने गुणावे. एक लाख चौदा हजार दोनशे एकतीस रुपये झाले. ही रक्कम तीस दिवसांत द्यावयाची असते, त्यानंतर व्याज चढते. शेठजींनी कागद हातात घेतला, स्वतः पुन्हा हिशेब केला, आणि काही न बोलता घडी करून खिशात ठेवला. मला वाटले ते नाराज झाले. पुढील तीन आठवडे त्यांचा फोनही आला नाही.

त्या अवधीत कन्येने पुण्याच्या कंपनीला लेखी मागणी पाठवली. उत्तर आले नाही. तिने कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार दिली आणि तिची प्रत कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला पाठवली. त्यानंतर बाराव्या दिवशी तिच्या खात्यावर पैसे जमा झाले. तीस दिवसांच्या नोटिशीपोटी काही रक्कम वजा करून. त्या वजावटीवर आता पत्रव्यवहार चालू आहे. तिच्या अनुभवाचा दाखला अद्याप आलेला नाही.

मार्चच्या अखेरीस शेठजींचा फोन आला. कन्येचे पैसे आल्याचे त्यांनी सांगितले आणि मग थोडे थांबून म्हणाले, “त्यांचेही दिले. दोन्ही मिळून. चेकने.” ते स्वतः गेले नव्हते, धाकट्या चिरंजीवाला पाठवले होते. दिवाणजींनी त्याला बसवले, पाणी दिले, पोहोचेचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि ‘सर्व हिशेब पूर्ण’ या शब्दांऐवजी रक्कम आकड्यांत व अक्षरांत लिहून मगच सही केली. अकरा वर्षे दुसऱ्यांच्या पावत्या लिहिलेला माणूस तो.

चौदा कट्ट्यांचा हिशेब मात्र अजून लागलेला नाही.